परतलेले विद्यार्थी, न परतलेला वर्ग

१

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे बंद झालेली देशातील विद्यापीठे २०२२ च्या पूर्वार्धात पुन्हा भरू लागली. हजेरीपटांवर सह्या होऊ लागल्या, वेळापत्रके फलकांवर लागली, परीक्षांचे हंगाम जागेवर आले आणि कागदोपत्री हे प्रकरण मिटले. बंद झालेले सुरू झाले, एवढ्यावर सर्वांचे समाधान झाले. परंतु जे सुरू झाले ते बंद झालेलेच होते काय, हा प्रश्न विद्यापीठांनी स्वतःला विचारला नाही. शासनाला तो विचारण्याचे कारण नव्हते. अध्यापकांना होते, त्यांनीही तो विचारला नाही. विद्यापीठातील वर्ग ही काय वस्तू आहे याविषयीची आपल्या शिक्षणव्यवहारातील कल्पना साथ येण्यापूर्वीच पुष्कळशी विरून गेलेली होती. ज्या गोष्टीचे स्वरूपच धूसर झालेले असते, तिचा वियोग नीट जाणवत नाही आणि तिच्या परतण्याची खूणही पटत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाचे उदाहरण विशेष उपयोगी आहे. देशातील इतर अनेक विद्यापीठांप्रमाणे हेही विद्यापीठ साथीत बंद झाले, २०२१ मध्ये आणि २०२२ च्या आरंभी तेथील विद्यार्थी संघटनांनी परिसर उघडण्याची मागणी कुलगुरूंच्या कार्यालयासमोर वारंवार केली, आणि अखेर वर्ग भरू लागले. एवढे तर अन्यत्रही घडले. या विद्यापीठाचे वेगळेपण असे की, स्वतःच्याच इतिहासात त्याने आणखी एक सक्तीचा वियोग अनुभवलेला आहे. तो वियोग आणि हा वियोग एकमेकांशेजारी ठेवून पाहिले की, विद्यापीठ म्हणजे नेमके काय, याविषयी १९४७ च्या पिढीला जे ठाऊक होते ते २०२० च्या पिढीला कसे ठाऊक उरले नाही, हे ध्यानात येते.

२

पंजाब विद्यापीठाची स्थापना १८८२ साली लाहोरला झाली. १९४७ च्या फाळणीत लाहोर गेले आणि त्याबरोबर विद्यापीठाच्या इमारती व प्रयोगशाळाही गेल्या. भारताच्या वाट्याला आलेल्या पूर्व पंजाबात नव्या विद्यापीठाला डोके टेकायला जागा नव्हती. त्याचे कार्यालय सोलनच्या डोंगरात थाटले गेले. शिकवण्याचे विभाग होशियारपूर, जालंधर, अमृतसर, दिल्ली असे जेथे आसरा मिळेल तेथे विखुरले. दिल्लीत निर्वासित विद्यार्थ्यांसाठी एका शाळेच्या इमारतीत संध्याकाळचे वर्ग भरू लागले. त्यांना ‘कॅम्प कॉलेज’ असेच नाव पडले. १९५६ पासून चंडीगडचा परिसर उभा राहू लागेपर्यंत जवळजवळ दशकभर हे विद्यापीठ बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडले. डॉ. मनमोहन सिंग यांनी १९५४ साली अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवली ती या काळातल्या होशियारपूरच्या विभागातून.

त्या काळी विद्यापीठाजवळ वास्तू नव्हती, पण वर्ग होता. घरदार गमावलेला अध्यापक, घरदार गमावलेला विद्यार्थी आणि त्यांच्यामध्ये एखादे पुस्तक, एवढ्या सामग्रीवर तो चालला. अशा वेळी आधी जागा मिळू द्या, परिस्थिती निवळू द्या, तोवर पाठ्यपुस्तके टपालाने पाठवू, असे म्हणता आले असते. पण काही माणसांनी एके ठिकाणी बसून एकत्र शिकावे, हेच विद्यापीठाचे मूळ अंग आहे आणि बाकीचे सर्व त्याच्या सोयीसाठी आहे, असे त्या पिढीने गृहीत धरले.

२०२० मध्ये नेमकी उलट परिस्थिती होती. सेक्टर १४ आणि २५ मधील साडेपाचशे एकरांचा परिसर शाबूत होता. पिअर जनरे यांनी आखलेले, पाण्यात उभे असलेले गांधी भवन जागेवर होते. ग्रंथालय होते, वसतिगृहे होती. नव्हता तो वर्ग. तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हलवण्यात आला आणि तो तेथे सुखरूप आहे, अशी सर्वांची समजूत करून देण्यात आली.

दोन्ही संकटे सारखी नव्हती, हा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो योग्यच आहे. फाळणीनंतर माणसांनी जवळ येण्यात आधार होता. साथीत माणसांनी जवळ येण्यात मृत्यू होता. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्या लाटेने दिल्ली आणि अलीगढ येथील विद्यापीठांतले अनेक अध्यापक नेले. ज्यांनी त्या दिवसांत दारे बंद ठेवली त्यांना दोष देणे हा कृतघ्नपणा ठरेल. तेव्हा बंद करण्याविषयी येथे तक्रार नाही. तक्रार आहे ती बंद असण्याच्या काळात वर्गाच्या नावाने जे चालले त्याला वर्ग म्हणण्याविषयी, आणि उघडताना जो क्रम लावला गेला त्यामागच्या समजुतीविषयी.

३

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये विद्यापीठे पुन्हा उघडण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एका वेळी निम्म्याहून अधिक विद्यार्थी परिसरात नसावेत, वसतिगृहे आवश्यक तेवढीच उघडावीत, एका खोलीत एकाहून अधिक विद्यार्थी ठेवू नयेत, अशा त्या सूचना होत्या आणि आरोग्याच्या दृष्टीने त्या रास्त होत्या. परतण्याचा क्रमही त्यात होता: सर्व शाखांचे संशोधक विद्यार्थी, विज्ञान व तंत्रज्ञान शाखांतील पदव्युत्तर विद्यार्थी, आणि नोकरीच्या दृष्टीने अंतिम वर्षाचे विद्यार्थी. संख्या कमी असल्यामुळे अंतर राखणे सुलभ जाईल, हे कारण सांगण्यात आले होते.

हे कारण मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. विज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गाइतकीच, किंबहुना बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी, विद्यार्थीसंख्या मराठीच्या, संस्कृतच्या, उर्दूच्या, पंजाबीच्या पदव्युत्तर वर्गात असते. दहा-बारा विद्यार्थ्यांचा भाषेचा वर्ग झाडाखालीही भरू शकतो. मग तो मागे का राहिला? न सांगितलेले कारण असे की, रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, साहित्याला काही लागत नाही. कविता घरी बसून वाचता येते, कादंबरी तर घरीच वाचायची असते. अध्यापकाचे व्याख्यान ध्वनिमुद्रित करता येते. साहित्य हा विषय शिकवण्याचा नसून ‘पाठवण्याचा’ आहे, ही ती समजूत होय.

या समजुतीचा खरा संताप साहित्याच्या अध्यापकांना यावयास हवा होता. आला नाही, कारण त्यांपैकी अनेकांची तीच समजूत होती. वर्षानुवर्षे पिवळ्या पडलेल्या टिपणवहीतून उतरवून देणाऱ्या अध्यापकाला आपली टिपणे दृक्श्राव्य फितीत किंवा संगणकाच्या धारिकेत गेल्याने काय बिघडले, हे कळणे शक्यच नव्हते. त्याच्या बाबतीत खरोखरच काही बिघडले नव्हते. पडद्यावर त्याने जे केले तेच तो वर्गातही करीत होता. फरक एवढाच की वर्गात समोरची माणसे जांभया देताना दिसत आणि पडद्यावर ती दिसत नव्हती. ही गोष्ट कठोर असली तरी तिच्यापासून आरंभ केल्यावाचून या प्रश्नाचा विचार प्रामाणिकपणे करता येणार नाही.

४

साहित्याचा वर्ग ही प्रयोगशाळाच आहे. तेथे होणारा प्रयोग म्हणजे एकच संहिता एकाच वेळी अनेकांनी ऐकण्याचा. घरी एकट्याने वाचताना वाचक आपल्या आकलनाला सहसा आव्हान देत नाही. जे कळले तेच कृतीत आहे असे तो मानतो. वर्गात मोठ्याने वाचलेल्या एका ओळीवर एक विद्यार्थी हसतो, दुसरा हसत नाही, तिसरी विद्यार्थिनी अस्वस्थ होऊन खाली पाहते. अध्यापक थांबतो. का हसलात, असे विचारतो. येथून समीक्षा सुरू होते. अभिरुची ही व्यक्तिगत आवड नसून विवाद्य गोष्ट आहे, तिच्यासाठी कारणे द्यावी लागतात, हे विद्यार्थ्याला येथे प्रथम उमगते.

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ते अनेक वर्गांत शिकवले गेले. ज्या वर्गात निरनिराळ्या जातींची, निरनिराळ्या वस्त्यांतून आलेली मुले शेजारी शेजारी बसलेली असतात, तेथे त्या पुस्तकातील एखादे पान वाचले गेल्यावर जी शांतता पसरते, तिच्यात प्रत्येकाला आपली जागा कळते. कोणाला त्या पानात आपले घर दिसते, कोणाला आपल्या आजोबांचे वागणे दिसते, आणि हे दोघे एकाच बाकावर आहेत याची जाणीव दोघांनाही होते. त्या शांततेचे काय करायचे, हे अध्यापकाचे कसब. पडद्यावरील वर्गातही शांतता होती. पण ती सर्वांचे ध्वनिग्राहक बंद असल्याची शांतता होती. कोण ऐकतो आहे, कोण झोपला आहे, कोणाच्या घरात शेजारी वडील बसले असल्यामुळे मुलगी बोलू शकत नाही, यांतले काहीच अध्यापकाला कळत नव्हते. काळ्या चौकोनांसमोर बोलणारा अध्यापक आणि रिकाम्या देवळात कीर्तन करणारा बुवा यांची अवस्था एकच.

कीर्तनाचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. महाराष्ट्र आणि पंजाब यांचा जुना वाङ्मयीन संबंध ज्या एका व्यक्तीने जोडला, त्या नामदेवांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या पंजाबातील वास्तव्याची आठवण सांगते आणि २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. ही वाणी इतक्या दूर पोचली आणि टिकली ती माणसांच्या मुखातून आणि माणसांच्या समुदायात. ती गायली गेली, समोर बसलेल्यांनी ती ऐकली, म्हटली, पुढच्यांना दिली. शीख परंपरेत या समुदायाला ‘संगत’ हा शब्द आहे आणि तो धर्मव्यवहारात मध्यवर्ती आहे. वारकऱ्यांच्या कीर्तनात टाळकरी आणि श्रोते हे कीर्तनाचेच अंग मानले जातात. श्रोता हा वाङ्मयव्यवहाराचा घटक आहे, ग्राहक नव्हे, हे या दोन्ही परंपरांना ठाऊक आहे. विद्यापीठातील वर्ग हे या परंपरेचे अर्वाचीन, ऐहिक आणि चिकित्सक रूप आहे. तेथे श्रद्धेऐवजी शंका असते, पण समोरासमोर असणे तेच असते.

पंजाब विद्यापीठालाही हे अपरिचित नव्हते. काशी सोडावी लागल्यावर हजारीप्रसाद द्विवेदी १९६० साली चंडीगडला हिंदीचे प्राध्यापक म्हणून आले आणि १९६७ पर्यंत तेथे राहिले. काशीतील त्यांचे विद्यार्थी नामवर सिंह यांनी १९८२ साली त्यांच्यावर ‘दूसरी परंपरा की खोज’ हा ग्रंथ लिहिला; आणि नामवरांची स्वतःची समीक्षा तर मोठ्या प्रमाणात बोलूनच झाली, पुष्कळशी नंतर इतरांनी ग्रंथरूपात आणली. गुरूची पुस्तके कोणालाही मिळू शकतात. त्या पुस्तकांमागचा विचार करण्याचा ढंग सहवासात मिळतो. साहित्यविचाराच्या इतिहासात ज्यांना ‘परंपरा’ म्हणतात त्या अशाच सहवासातून चाललेल्या आहेत.

५

यावर सर्वांत वजनदार प्रतिवाद असा केला जातो की, हे सारे वर्णन सुखवस्तूंच्या वर्गाचे आहे. गडचिरोलीच्या मुलाला दिल्लीच्या विद्वानाचे व्याख्यान ऐकता आले, नोकरी करणाऱ्या स्त्रीला अभ्यास करता आला, अपंग विद्यार्थ्याला जिने चढावे लागले नाहीत. पडद्याने शिक्षण लोकशाहीकडे नेले. हा प्रतिवाद हलकेपणाने घेण्यासारखा नाही. त्याचा विचार दोन अंगांनी केला पाहिजे.

पहिले अंग असे. दुरून शिकण्याची सोय साथीने निर्माण केलेली नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हे काम करीत आले आहे. खुद्द पंजाब विद्यापीठातही पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग अनेक वर्षांचा आहे. दूरशिक्षण ही एक स्वतंत्र विद्या आहे. तेथे समोर शिक्षक नाही हे गृहीत धरून पुस्तके लिहिली जातात, स्वाध्याय रचले जातात, संपर्कसत्रे ठेवली जातात. शिक्षकाच्या अनुपस्थितीची भरपाई करण्यासाठी तेथे मेहनत घेतली जाते. २०२० मध्ये जे झाले ते यातले काहीच नव्हते. वर्गातील व्याख्यान जसेच्या तसे उचलून यंत्रासमोर ठेवण्यात आले. ते धड वर्गही नव्हते आणि धड दूरशिक्षणही नव्हते. दूरशिक्षणाच्या पुण्याईवर या तात्पुरत्या डागडुजीने आपली प्रतिष्ठा वाढवून घ्यावी, हे न्याय्य नाही.

दुसरे अंग अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या पंचाहत्तराव्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडे आंतरजालाची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. संगणक तर ग्रामीण भागात शंभरांतील चार-पाच घरांतच होता. साथ या आकडेवारीनंतर दोनच वर्षांनी आली. तेव्हा पडदा जेथे पोचला तेथे लोकशाही पोचली असे म्हणताना, तो जेथे पोचला नाही त्यांची गणती करावयास हवी. आणि यंत्र मिळाले तरी खोली कोठून आणायची? एका खोलीच्या घरात, भावंडांच्या गलबल्यात, आईच्या हाकांमध्ये मुलीने सौंदर्यशास्त्रावरील व्याख्यान ऐकावे, ही अपेक्षा ज्यांनी केली त्यांना मुलींची घरे ठाऊक नव्हती.

महाराष्ट्राला हे निदान शंभर वर्षे ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांना आश्रय दिला तो याच जाणिवेतून. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबई इलाख्यात हाहाकार माजवला. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहून शिकू लागली. बहुजनांच्या शिक्षणाचा प्रश्न केवळ पुस्तके पोचवण्याचा नाही, शिकण्याजोगी जागा देण्याचा आहे, हे या माणसांनी ओळखले होते. ज्याच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही त्याच्यासाठी वसतिगृहाची खोली, ग्रंथालयाचे मेज आणि वर्गाचा बाक हेच स्वातंत्र्य असते.

या जागेतून वाङ्मय कसे जन्माला येते याचे उदाहरणही मराठीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली मुले तेथे राहिली, शिकली, एकमेकांना आपले लिखाण वाचून दाखवू लागली. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक त्यांना तेथे भेटले. या परिसरातून ‘अस्मिता’ आणि पुढे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभे राहिले आणि दलित साहित्याच्या चळवळीला तिचे एक प्रमुख व्यासपीठ मिळाले. ही मुले आपापल्या गावी, आपापल्या गावकुसाबाहेर राहून पडद्यावर व्याख्याने ऐकत बसली असती, तर पदव्या कदाचित मिळाल्या असत्या; चळवळ उभी राहिली नसती. आपल्यासारखेच दुसरे कोणी आहे आणि त्याच्या मनात हेच शब्द आहेत, हा शोध एकत्र राहण्यातून लागतो. साथीत वसतिगृहे बंद झाली तेव्हा या शोधाचीच वाट बंद झाली. वसतिगृहांच्या बंद दारांची मोजदाद मात्र केवळ खोल्यांच्या संख्येत झाली.

६

वर्ग गेला तरी परीक्षा राहिली, हे या काळाचे सर्वांत बोलके लक्षण. महाराष्ट्र शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा रद्द करण्याचा निर्णय घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही असा निर्वाळा दिला. त्यानंतर राज्यातील विद्यापीठांनी त्या परीक्षा बहुशः बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात उरकल्या. मर्ढेकरांच्या कवितेविषयी चार विधाने द्यावीत आणि त्यांतील एकासमोर खूण करावयास सांगावी, ही साहित्याची परीक्षा ठरली. निरुपायाने केलेली ही गोष्ट निरुपायाची म्हणून तेथेच संपली असती, तर तिच्याविषयी बोलण्याचे कारण नव्हते. पण दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, वर्ग भरू लागल्यावर देशातील अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी परीक्षा मात्र दुरूनच घ्यावी अशी मागणी केली.

या मागणीवर सर्वत्र टीका झाली. आळशी पिढी, कष्ट नको असलेली पिढी, अशी तिची संभावना करण्यात आली. या टीकेत अन्याय आहे. दोन वर्षे ज्यांना एक परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहावयास कोणी सांगितले नाही, ज्यांचा एकही निबंध कोणी समासात शेरे मारून परत केला नाही, त्यांना तीन तास लेखणी चालवण्याची भीती वाटली तर तो त्यांचा दोष नव्हे. विद्यार्थ्यांनी व्यवस्थेचाच न्याय व्यवस्थेपुढे ठेवला होता: शिकवणे दुरून चालते, तर परीक्षा दुरून का चालू नये? या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर, शिकवणे दुरून चालत नव्हते, असे कबूल करावे लागले असते. ते कबूल करण्याची तयारी कोणाचीच नव्हती. म्हणून ‘शिस्त’ हा शब्द पुढे करण्यात आला आणि प्रश्नपेढ्या वाटण्यात आल्या.

ती कबुली न दिल्याचा परिणाम पुढे दिसतो. मे २०२१ मध्ये, दुसरी लाट भरात असताना, विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘मिश्र अध्ययना’चा मसुदा चर्चेसाठी मांडला आणि प्रत्येक अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग आंतरजालावरून शिकवावा असे सुचवले. आपद्धर्म म्हणून जे स्वीकारले होते त्याचे नित्यधर्मात रूपांतर करण्याची ही वाट होती. अध्यापकांच्या रिक्त जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, हे ज्या विद्यापीठांचे वास्तव आहे, तेथे हा ४० टक्क्यांचा हिशेब कोणाच्या सोयीचा ठरेल हे सांगण्याची आवश्यकता नाही. एकदा फितीत साठवलेला अध्यापक पगार मागत नाही, निवृत्त होत नाही आणि प्रश्नही विचारत नाही.

७

वर्ग हा केवळ अध्ययनाचा प्रश्न नाही. विद्यापीठाच्या स्वायत्ततेचाही आहे. येथे पुन्हा चंडीगडकडे वळावे लागते. पंजाब विद्यापीठाच्या अधिसभेला, म्हणजे सिनेटला, निवडून आलेल्या प्रतिनिधींची जुनी परंपरा आहे. २०२० मध्ये साथीचे कारण देऊन तिच्या निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या, ३१ ऑक्टोबर २०२० रोजी जुन्या सभेची मुदत संपली आणि निवडणुका होईपर्यंत २०२१ साल बरेचसे सरले. विद्यापीठ केव्हा उघडावे, कसे उघडावे, परीक्षा कशा घ्याव्यात हे ज्या काळात ठरत होते, त्या काळात हे ठरवण्याचा अधिकार असलेली निर्वाचित सभाच अस्तित्वात नव्हती. वाद न्यायालयात गेला. पण परिसर ओस होता, विद्यार्थी आणि अध्यापक आपापल्या घरी होते, आणि समुदाय म्हणून उभे राहणे कोणालाच शक्य नव्हते.

यापुढील घटना याला जोडून पाहण्यासारखी आहे. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर केंद्र सरकारने याच अधिसभेची रचना बदलून तिचा आकार घटवणारी अधिसूचना काढली. या वेळी परिसर भरलेला होता. विद्यार्थी एकत्र आले, आंदोलन उभे राहिले, विद्यापीठाबाहेरील समाजही त्यात उतरला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारला ती अधिसूचना मागे घ्यावी लागली. या वादातील गुणदोषांचा निवाडा हा येथील विषय नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, एकत्र जमलेला समुदाय विद्यापीठाच्या कारभाराविषयी बोलू शकतो आणि विखुरलेला समुदाय बोलू शकत नाही. वर्गात एकमेकांशी वाद घालावयास शिकलेली मुलेच पुढे सत्तेशी वाद घालू शकतात. ज्यांना वर्गात प्रश्न विचारण्याची सवय उरलेली नाही, त्यांनी पुढे लोकशाहीत प्रश्न विचारावेत ही अपेक्षा व्यर्थ आहे.

८

आता वर्ग भरतात. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के उपस्थितीची अट पुन्हा लागू आहे. पण दोन वर्षांत रुजलेल्या सवयी इमारतीबरोबर बदललेल्या नाहीत. टिपणांच्या धारिका भ्रमणध्वनीवरून फिरतात आणि मूळ पुस्तक उघडले जात नाही. वर्गात बसलेला विद्यार्थी मनाने अजून ध्वनिग्राहक बंद करून बसलेला असतो. अध्यापकाला ते चालते, कारण त्याचा तास निर्वेध पार पडतो. हजेरी भरते. विद्यार्थी परतले आहेत, पण वर्ग परतलेला नाही.

तो परत आणावयाचा तर आदेश, परिपत्रके आणि टक्केवारी यांचा उपयोग नाही. उपस्थितीची सक्ती करण्यापूर्वी उपस्थित राहण्याजोगे काही तेथे घडते काय, याचे उत्तर अध्यापकाने द्यावयास हवे. जे पडद्यावर तसेच्या तसे नेता येते ते वर्गात करण्याचे कारण नाही. ते खुशाल पडद्यावर जावे. वर्गात उरावे ते ज्याला माणसे लागतात ते: मोठ्याने केलेले वाचन, कारणे देऊन केलेला मतभेद, विद्यार्थ्याच्या लेखनाची त्याच्यासमोर केलेली चिकित्सा, ग्रंथालयातील फडताळांपुढे एकमेकांच्या हातात दिलेले पुस्तक. साहित्याच्या विभागांनी हे मागितले पाहिजे, आणि रसायनशास्त्राचा विभाग प्रयोगशाळा ज्या हक्काने मागतो त्याच हक्काने मागितले पाहिजे. लहान वर्ग, भरलेल्या अध्यापकांच्या जागा, उघडी वसतिगृहे आणि रात्री उशिरापर्यंत दिवे लागलेली ग्रंथालये, ही साहित्याच्या प्रयोगशाळेची उपकरणे होत.

सगळे गमावलेल्या माणसांनी १९४७ नंतर संध्याकाळी उसन्या शाळेत जाऊन वर्ग भरवला, कारण वर्गावाचून आपले विद्यापीठ उरणार नाही असे त्यांना वाटत होते. साडेपाचशे एकर, ग्रंथालय आणि वसतिगृहे हाती असलेल्या पिढीला तसे वाटते काय, यावर पुढचे सर्व अवलंबून आहे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आली आणि दारे पुन्हा बंद करावी लागली, तर निदान त्या वेळी तरी, काय बंद केले जात आहे हे विद्यापीठांना ठाऊक असले पाहिजे.